'नुसती वाचत बसते'

"पोरी, परीक्षा हाय का गं?"

एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं तेव्हा मी मांडीवरच्या कादंबरीत पार बुडालेली होते. मान वर न करताच म्हटलं, "हो." आजींचं समाधान झालं. "वाच, वाच," म्हणाल्या आणि मला नीट बसता यावं म्हणून खिडकीकडे सरकल्या.

माझं वय छत्तीस. शेवटची परीक्षा एम.एस.डब्ल्यू.ची दिली त्याला बारा वर्षं होऊन गेली. तरी मी खोटं बोलले, आणि हे काही पहिल्यांदा बोलले नाही. 'परीक्षा आहे' म्हटलं की बाईच्या हातातल्या पुस्तकाला लगेच परवाना मिळतो. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, 'मग काय वाचतेस एवढं?' पलीकडच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालून राशिभविष्यापासून निविदांपर्यंत सगळं वाचत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

जाताना पन्नास मिनिटं आणि येताना पन्नास मिनिटं हा माझा वाचनाचा वेळ. केंद्रात पोचले की फायली, जबाब, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. घरी पोचले की कुकर, मुलाचा गृहपाठ, सासऱ्यांच्या गोळ्या. नवरा मदत करतो. ('मदत' हाच शब्द आपण अजून वापरतो, बघा. जणू घर माझं आणि तो शेजारचा!) पण मदत करणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं, आणि पुस्तकातून डोकं वर काढून सांगायचं म्हणजे वाचन तिथेच संपलं. म्हणून एसटीच बरी. तिथे गचके बसतात, अक्षरं नाचतात, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून ओरडतो, पण 'आई, माझा सॉक्स कुठंय' असं कुणी विचारत नाही.

वाचायची सवय आईकडून आली. आई अंगणवाडीत होती. ती उभ्यानं वाचायची. ओट्यावर पुस्तक उघडं, पान मिटू नये म्हणून त्यावर वाटी पालथी घातलेली आणि हात कणकेत. बाबा कदम, सुहास शिरवळकर, योगिनी जोगळेकर, आणि मधूनच कुणी दिलं तर 'स्मृतिचित्रे'. तिच्या लेखी यांत वरचा-खालचा असा भेद नव्हता. पानांना हळदीची बोटं लागायची आणि ग्रंथपाल दर खेपेला कुरकुरायचे. हाक आली की ती म्हणायची, "आले, एवढं पान झालं की." ते पान होतंय का ते मी पाहत बसायचे. बहुतेक वेळा होत नसे.

आमच्या तालुक्याच्या गावचं वाचनालय मुक्तद्वार आहे. दार खरोखरच मुक्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अशी वाचनालयं अनुदानावर उभी राहिली आणि माझ्यासारख्या घरात पुस्तकांचं कपाट नसलेल्या मुली त्यांच्यावरच वाढल्या. पण आत काय दिसतं? लांबलचक दोन टेबलं. एकावर पेन्शनर, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं. बायका येतात त्या काउंटरपाशी. पुस्तक बदलायचं, भाजीच्या पिशवीत टाकायचं आणि चार मिनिटांत बाहेर. 'महिला विभाग' नावाचं एक कपाट आहे. त्यात पाककृती, व्रतवैकल्यं, गरोदरपणाची काळजी. मी एकदा ठरवून तासभर खुर्चीवर बसून दिवाळी अंक वाचला. तेवढ्या वेळात ग्रंथपालांनी दोनदा अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, काही हवंय का?" वाचनालयात बाई बसलेली दिसली की ती कुणाची तरी वाट पाहत असणार, असंच सगळे धरून चालतात.

माझी एक आत्या रोज 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय वाचते. ती पाटावर बसली की घरात कुणी तिला हाक मारत नाही. एरवी जागचे न हलणारे मामा स्वतः उठून पाणी घेतात. त्याच आत्याला मी एकदा सानियांचा कथासंग्रह दिला, तर म्हणाली, "मला कुठं एवढं रिकामपण!" मी खूप दिवस याला हसत होते. आता हसू येत नाही. पोथीला फलश्रुती असते. शेवटच्या ओव्यांत लिहिलेलंच असतं, हे वाचल्यानं संतती, संपत्ती, आरोग्य. म्हणजे बाईचं वाचन घराला काही मिळवून देणार असेल तर अर्धा तास मंजूर. तेही सगळ्या पोथ्यांना नाही. 'गुरुचरित्र' बायकांनी वाचू नये असं सांगणारे आजही आहेत. पण आत्यानं त्या पोथीच्या आधारानं इतकी वर्षं रोजचा अर्धा तास स्वतःकडे राखला, आणि एवढं आपल्यापैकी किती जणींना जमलंय?

मैत्रिणींनो, आता जरा आपल्याकडे बघू या. आमच्या केंद्रातल्या मांडणीवर काय आहे? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची पुस्तिका, बचत गटाचे हिशोब कसे ठेवावेत, ॲनिमिया, ग्रामसभेचे अधिकार, प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शिका. सगळं गरजेचं, सगळं उपयोगी. कादंबरी एकही नाही. कवितासंग्रह एक आहे, तो कुणीतरी उद्घाटनाला भेट दिलेला. आपल्या वाचनालाही फलश्रुती हवीच असते, फक्त आपल्या ओव्या वेगळ्या. प्रशिक्षणात मी नेल्लोरची गोष्ट नेहमी सांगते. आंध्रातल्या दुबगुंटा गावच्या बायका साक्षरता वर्गात अरकाविरुद्धचा धडा वाचतात आणि उठून गावातलं अरकाचं दुकान बंद पाडतात. त्यातून राज्यभर चळवळ उभी राहते, १९९३ साली अरकावर आणि १९९५ साली सगळ्या दारूवर बंदी येते. (१९९७ साली सरकारनं दारूबंदी उठवली, हेही मी सांगते; नाही तर गोष्ट फार गोड होते.) अजूनही सांगताना अंगावर काटा येतो. पण ही गोष्ट सांगता सांगता मी एक नकळत शिकवत आले, की बाईनं वाचलं तर त्यातून दुकान बंद पडलं पाहिजे. काहीच बंद पडलं नाही, काहीच सुरू झालं नाही, बाई नुसती वाचत बसली, तर त्याचा अहवालात रकाना नाही.

आपल्याआधीच्या बायकांनी जीव टाकला तो कशासाठी? एकोणिसाव्या शतकातली बंगालमधली राससुंदरी देवी घ्या. नवऱ्याच्या 'चैतन्य भागवता'तलं एक पान तिनं काढून स्वयंपाकघरात दडवलं आणि मुलगा ज्या ताडपत्रावर अक्षरं गिरवायचा त्याच्याशी ताडून ताडून ती वाचायला शिकली. तिला कुणाशी भांडायचं नव्हतं. तिला ती पोथी वाचायची होती. रमाबाई रानड्यांना शिकवणारा नवरा होता, तरी घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे त्यांना सोसावेच लागले, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त ते सगळं आहे. आणि आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे! दुकानात बसून पुड्या बांधायची रद्दी त्या वाचायच्या. जे लिहिलं ते घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं, आज आपण ते अभ्यासक्रमात लावतो, त्यावर शिबिरं घेतो. पण त्या रद्दीच्या कागदांचा मला फार विचार येतो. अर्धी बातमी, फाटलेला लेख, पुढचा भाग गिऱ्हाईक शेंगदाण्यांबरोबर घेऊन गेलेलं. त्या वाचनाची फलश्रुती त्या वेळी कोण सांगू शकलं असतं? दलित वस्तीतली बाई दुकानात बसून रद्दी वाचते आहे, एवढंच दिसलं असतं. कुणी म्हणालंही असतं, नुसती वाचत बसते.

हे शब्द मी एका कागदावर अक्षरशः उतरवून घेतलेले आहेत. तेच सांगायला हा लेख लिहायला घेतला होता आणि इतका वेळ टाळत होते.

२०१७ साली आमच्याकडे एक केस आली. बाई सत्तावीस-अठ्ठावीसची, बारावी शिकलेली. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलते आहे.) नवरा मारायचा. सासू बरोबर आली होती आणि तिची तक्रार होती, "कामाला हात लावत नाय, नुसती वाचत बसते. भात करपला तरी हिला वास येत नाय." बाईनं सांगितलं की वाचनालयाचं पुस्तक नवऱ्यानं बंबात घातलं, आणि आता वाचनालय किंमत मागतंय. हे सांगताना ती रडली. मारहाणीचं सांगताना रडली नव्हती. मी नोंद केली: 'पुस्तक जाळल्याच्या किरकोळ कारणावरून वाद.'

किरकोळ हा शब्द माझा.

तिला नांदायचं होतं, तिनं तसं स्पष्ट सांगितलं. दोन-तीन बैठका झाल्या आणि समझोता लिहायचा ठरला. नवऱ्यानं मारहाण करायची नाही, महिन्याला घरखर्च हातात द्यायचा, माहेरी जायला अडवायचं नाही. सासू म्हणाली, "आमचं पण एक लिहा." दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं की समझोता टिकतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि अनुभवही तसाच असतो. मी लिहिलं, कलम पाच: 'पत्नी घरातील सर्व कामे आटोपल्यानंतरच वाचन करील.' बाईनं सही करण्याआधी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समधून त्या वेळी पुस्तकाचा कोपरा बाहेर डोकावत होता, हे मला नंतर आठवलं. तिनं सही केली. संध्याकाळच्या एसटीत मी ते पुस्तक पन्नास मिनिटं वाचलं, छान लागलं.

सहा महिन्यांनी पाठपुराव्याची नोंद: 'समझोता पाळला जात आहे. केस बंद.'

मी हे आमच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "अगं, मार थांबला ना? मार खाणाऱ्या बाईला आधी छप्पर, मग पोटगी, मग पोरांची शाळा. पुस्तक कुठलं काढून बसलीस?" त्यांनी तीस वर्षं या कामात घातली आहेत, रात्री-अपरात्री बायकांना घरातून बाहेर काढलं आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावायची माझी पात्रता नाही. मार थांबला हे खरंच मोठं आहे. पण तो कशाच्या बदल्यात थांबला? २००५च्या कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही धरलेला आहे. नवऱ्यानं तिचे दागिने विकले असते तर मी ते ठळक लिहिलं असतं. तिचं पुस्तक जाळलं ते मी 'कारण' म्हणून लिहिलं, छळ म्हणून नाही. आणि वर त्याच गोष्टीवर मीच बंदी घातली, शिक्क्यानिशी. तीही मी, जी स्वतः पुस्तकाशिवाय घराबाहेर पडत नाही! मी माझ्यापुरतं वाचन हक्क मानत होते आणि तिच्यापुरतं चैन.

'कामे आटोपल्यानंतर' म्हणजे कधी? केंद्र सरकारची वेळेच्या वापराची पाहणी आहे. २०१९ साली घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ मिनिटं वाचली! शिवाय यात मुलांना, म्हाताऱ्यांना सांभाळणं वेगळं मोजलेलं आहे. या दिवसात वाचन कुठे बसवायचं? 'स्वतःची खोली' ही मागणी आपण खूपदा उद्धृत करतो. माझ्या गावातल्या बायकांना खोली नसली तरी चालेल, त्या ओट्यापाशी, एसटीत, दळणाच्या रांगेत वाचतील. फक्त हाक मारू नका, आणि झाल्यावर हिशोब मागू नका.

हल्ली वेगळंच एक सुरू झालंय. फोनवर वाचणाऱ्या बायका वाढल्या आहेत. आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई 'प्रतिलिपी'वरच्या क्रमशः कथा वाचतात, दोन घरांच्या मधल्या जिन्यात बसून. "आज तिच्या सासूला कळणार हाय बघा," असं मला सांगतात. मला आधी वाटलं यांच्या घरातलंच काही आहे. पुस्तक हातात असलं की बाई आळशी ठरायची. फोन हातात असला की चारित्र्यावर येतं. गेल्या वर्षी आलेल्या एका केसमध्ये नवऱ्याचा संशय एवढ्यावरच होता की ती रात्री पांघरुणात फोनकडे बघून हसते. ती विनोदी कथा वाचत होती. आणि आपण शिकलेल्या बायका काय म्हणतो? 'काय ते तसलं वाचायचं!' तसलं म्हणजे प्रेमाचं, श्रीमंत नायकाचं. माझी आई बाबा कदमांवरून लक्ष्मीबाई टिळकांवर आणि तिथून परत मागे सहज जायची, तिला कुणी जिना दाखवला नव्हता. मला त्या ताईंच्या कथा वाचवत नाहीत, खरं सांगते, दोन भागांत कंटाळा आला. पण जिन्यातल्या त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला ओळखीचं आहे.

आमच्या केंद्रात आता एक फळी मोकळी केली आहे. पुस्तिका वरच्या फळीवर गेल्या. खाली घरोघरून आणलेल्या कादंबऱ्या, कथा, आत्मचरित्रं, काही अगदी सुमार. नोंदवही ठेवली नाही, त्यामुळे पुस्तकं जातात आणि सगळी परत येत नाहीत. हे अनुदान देणाऱ्यांना कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. बाईची माहिती भरून घेताना मी शेवटी एक प्रश्न विचारते, फॉर्मात नसलेला: 'तुम्हाला नुसतं बसायला मिळालं तर काय आवडेल?' काही जणी गप्प राहतात. एकीनं 'झोप' म्हटलं. एक म्हणाली, भिंतीवर चिकटवलेले पेपर वाचायला आवडतात, पण स्वयंपाकघरातले सगळे वाचून झालेत.

आणि ती बाई मला गेल्या महिन्यात भेटली. मंगळवार होता, बाजाराचा दिवस. स्टँडवर मी एसटीची वाट पाहत वाचत बसले होते. तिनंच ओळखलं. तब्येत बरी होती, मुलगी सातवीत आहे म्हणाली, नवरा पूर्वीसारखा हात उचलत नाही. मी बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी विचारलं, "वाचता का हल्ली?" ती हसली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिवलं हुतं ना, कामं आटपल्यावर. आटपतच नाहीत ओ." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी चुकले असं म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, ते तर घरीबी तेच म्हणत्यात."

माझ्या हातात 'बळी' होती, विभावरी शिरूरकरांची, १९५० सालची. जिला १९३३ साली टोपणनावाआड राहून लिहावं लागलं त्या बाईची. मी ती तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही. "नको, घरी नको. पुन्यांदा पुस्तकावरनं काय नको." पिशवी खाली ठेवून ती माझ्या शेजारी टेकली. "तुम्ही सांगा की, काय हाय त्यात."

मी सांगायला लागले. इंग्रजांच्या कायद्यानं जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेली माणसं, सोलापूरकडची तारेच्या कुंपणाची वसाहत, आत-बाहेर करायला लागणारी परवानगी. "बायकांना बी?" तिनं विचारलं. बायकांनाही, म्हटलं. ती ऐकत राहिली, मधे दोनदा तिनं मला थांबवून मागचं परत विचारलं. तेवढ्यात तिची गाडी लागली. ती पिशवी उचलून धावली आणि दारातून वळून ओरडली, "मंगळवारी येते मी बाजाराला. पुढचं सांगा."

दोन मंगळवार झाले. अर्धी कादंबरी सांगून झाली आहे.